काउंट करेक्ट

४ फेब्रुवारी, मंगळवार

पहिला तास पार पडला! घसा बसलाय, पण सकाळपासूनची धडधड थांबली. सतरा मुली, आणि सगळ्या ऐकत होत्या. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. त्याआधीची सगळी वर्षं ऑपरेशन थिएटरात गेली, तोंडाला मास्क बांधून. फळ्यासमोर उभं राहायची वेळ कधी आलीच नव्हती.

नर्सिंग स्कूलच्या मेट्रनबाईंनी फोन केला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. त्या म्हणाल्या, मुली हाताने चांगल्या आहेत, पण सगळ्या मराठी शाळांतल्या, रजिस्टर भरायचं म्हटलं की रडकुंडीला येतात. तुम्ही कॉन्व्हेंटच्या. नोंदींपुरतं इंग्रजी शिकवा. आठवड्यातून एक तास.

फळ्यावर शब्द लिहिले — लिस्ट, चेकलिस्ट, रजिस्टर, एंट्री, लॉग, इन्व्हेंटरी, टॅली, रोस्टर, इंडेक्स, डिट्टो. एक उंच मुलगी म्हणाली, सगळ्याला यादीच म्हणायचं ना? मग दहा शब्द कशाला? मला हसू आलं. कारण लहानपणी मलाही हेच वाटायचं. म्हटलं, लिस्ट म्हणजे जे हवंय ते. इन्व्हेंटरी म्हणजे जे खरोखर कपाटात आहे ते. चेकलिस्ट म्हणजे जे विसरायचं नाही ते. लॉग म्हणजे घड्याळ बघून, जे जसं घडलं तसं. टॅली म्हणजे हा आकडा आणि तो आकडा एकमेकांना भेटतात का ते बघणं. टॅली त्यांना फार आवडली. चार उभ्या रेघा आणि त्यांच्यावरून एक आडवी — सगळ्यांनी वहीभर काढली.

शाळेतल्या मदर आठवल्या. शुक्रवारी शेवटच्या तासाला सगळ्यांची डेस्कं उघडायला लावायच्या. ‘इन्व्हेंटरी, गर्ल्स!’ पेन्सिली दोन, फूटपट्टी एक, रुमाल एक. मी एकदा खोडरबरासमोर ‘अर्धा’ लिहिलं, तर त्यांनी माझी वही अख्ख्या वर्गात फिरवली. नऊ वर्षांची असेन. तो अर्धा खोडरबर अजून डोळ्यांसमोर आहे. गुलाबी, एका कोपऱ्याला शाईचा डाग.

तास संपताना चष्मेवाल्या मुलीने विचारलं, ‘मॅडम, आधी मोजायचं की आधी लिहायचं?’ सगळ्या हसल्या. मीही हसले. अगं, मोजल्याशिवाय लिहिणार काय?

संध्याकाळी खाली जाऊन धाकटीला सगळं सांगितलं. धाकटी म्हणजे माझी जाऊ — ती आणि भावजी खाली राहतात, मी वर. हे गेल्यापासून माझं अर्धं आयुष्य तिच्याच स्वयंपाकघरात जातं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘वहिनी, इंग्रजीत लिहिलं की दोन चादरींच्या तीन होतात का?’ तिला कोण जिंकणार!

६ फेब्रुवारी, गुरुवार

धाकटीचं पोट दुखतंय. उजवीकडे. उलटीही झाली. रात्री दोनदा खाली जाऊन तिला पाहून आले.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

डॉक्टरांनी स्कॅन सांगितला. सोमवारी. या खेपेला ती नाही म्हणाली नाही — कळच तशी असणार. भावजी तर नुसते येरझाऱ्या घालताहेत. तिने त्यांना सांगितलं, तुम्ही एका जागी बसलात तर निदान चक्कर तरी येणार नाही मला.

मी वर आले. दार लावून घेतलं. हे आजवर कुठे लिहिलं नाही. यांनाही कधी सांगितलं नाही. आज लिहिते, नाहीतर सोमवारपर्यंत मला वेड लागेल.

एकतीस वर्षांपूर्वी धाकटीचं सिझेरियन झालं, ते आमच्याच हॉस्पिटलात. थिएटरची सिस्टर मी. घरचं माणूस टेबलावर असताना आपण उभं राहू नये म्हणतात, पण लहान हॉस्पिटल, दुसरी सिस्टर रजेवर, आणि तिनेच माझा हात धरून ठेवलेला. बाळ पटकन निघालं, रडलं. मग रक्त थांबेना. मोठे डॉक्टर घामाघूम. रक्त टिपायचे गॉज मागतील तसे मी देत होते. दहा-दहाचे तीन गठ्ठे फोडले. पोट शिवायच्या आधी वापरलेले गॉज मोजायचे असतात — आत काही राहू नये म्हणून. मोजले. एकोणतीस.

परत मोजले. बादली उपसली, टेबलाखाली शोधलं, चादरी झटकल्या. एकोणतीसच. मी डॉक्टरांना इंग्रजीत सांगितलं, एक कमी आहे. त्यांनी आत हात फिरवून पाहिलं, पुन्हा पाहिलं. म्हणाले, आत काही नाही, तू चुकीचं मोजलंस. मी म्हटलं, नाही. ते ओरडले. मग हळू आवाजात म्हणाले, पेशंट जाईल हातची, मी शिवतोय, लिही.

मी रजिस्टरात लिहिलं. ‘काउंट करेक्ट.’ आणि सही. माझ्या त्या वळणदार अक्षरात, ज्याला शाळेत बक्षीस मिळालं होतं.

तेव्हाच्या गॉजमध्ये तो एक्स-रेत दिसणारा धागा नसायचा. आत राहिला असता तरी साध्या फोटोत दिसला नसता. मी वाट बघितली. ताप येतो का, टाके पिकतात का. काही झालं नाही. ती घरी आली, बाळाला घेऊन, हसत. मग सुरू झालं माझं. तिला अपचन झालं तरी मी ढासळायचे. आंबट खाल्लंस का, जड उचललंस का — सगळे म्हणायचे, थोरली किती करते धाकटीचं! कितीदा म्हटलं, चल, एकदा तपासून घेऊ पोट. दर वेळी तिने उडवून लावलं. एकदा म्हणाली, म्हातारी झाले की सगळंच एकदम तपासू, घाऊक. आणि खरं सांगू? तिने नाही म्हटलं की मला बरं वाटायचं.

मोठे डॉक्टर आता नाहीत. माहीत असलेली मी एकटीच.

९ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर तिच्याजवळ बसले. तिने मला पत्ते पिसायला लावले आणि सहा डाव हरवलं. भावजी म्हणाले, वहिनी, तुमचं लक्ष कुठे आहे?

१० फेब्रुवारी, सोमवार

काही नाही. काही नाही! पित्ताशयात खडे आहेत, बाकी पोट स्वच्छ!

खडे! आयुष्यात कुणाच्या दुखण्याचं नाव ऐकून एवढा आनंद झाला नसेल. स्कॅनच्या डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं, चार-पाच पांढरे ठिपके. मी विचारलं, आणि खाली? जुनं ऑपरेशन आहे. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ‘काय शोधताय, सिस्टर?’ मी म्हटलं, काही नाही, घरचं माणूस आहे. तो तरुण माणूस भला निघाला. पुन्हा सगळं फिरवून पाहिलं त्याने. सावकाश, सगळे कोपरे. म्हणाला, आत जे असायला हवं तेवढंच आहे.

बाहेर येऊन बाकावर बसले ती उठवेना. भावजींना वाटलं मलाच काही झालं. पाणी आणायला धावले. धाकटी कपडे बदलून आली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. मग शेजारी बसली. म्हणाली, खडे माझ्या पोटात आणि रडताय तुम्ही. खांद्यावर हात ठेवला. बराच वेळ काढला नाही.

दुर्बिणीने पित्ताशय काढून टाकतील. घाई नाही. तोवर तळलेलं बंद. ती म्हणाली, हे ऐकण्यापेक्षा स्कॅन बरा होता.

घरी येऊन दोन तास गाढ झोपले. भर दुपारी!

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज मुलींकडून गॉज मोजून घेतले. खोटंखोटं टेबल, खोटा पेशंट — उशी. एकीने मोजायचं, दुसरीने ऐकायचं, तिसरीने लिहायचं. ‘करेक्ट’ म्हणताना माझा आवाज अडखळला नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

पण परत येताना रस्त्यातच एक विचार आला आणि घरापर्यंत सोबत आला. तो गॉज पोटात नाही. मग गेला कुठे? मी चुकीचं मोजलं नव्हतं. पाच वेळा मोजले होते. एकोणतीसच होते.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पॅकिंगवाल्या मावशींकडे जाऊन यायचं ठरवलंय. गॉज कापायच्या, घड्या घालायच्या, गठ्ठे बांधून वाफेच्या मशीनला लावायच्या — तीस वर्षं एका खोलीत त्यांनी हेच केलं. त्या गठ्ठ्यांविषयी कुणी काही सांगू शकेल तर त्याच.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सापडला. सापडला म्हणजे — तो नव्हताच!

नीट लिहिते.

मावशी लेकीकडे असतात. ऐंशीच्या पुढे आहेत, ऐकू कमी येतं, पण बोटं अजून स्वस्थ नाहीत. बोलता बोलता मांडीवरचा रुमाल चौकोनी घडी करतात, उलगडतात, पुन्हा घडी. मला बघून म्हणाल्या, आल्या का इंग्लिश सिस्टर! थिएटरात सगळे मला हेच म्हणायचे, हे मी विसरलेच होते.

मुलींना शिकवते म्हणून सांगितलं. मग विचारलं, मावशी, गठ्ठा कायम दहाचाच असायचा ना? त्या म्हणाल्या, हो, दहाचाच. मग रुमालाची घडी करत म्हणाल्या, नसला की लाल दोरा.

कसला लाल दोरा?

म्हणाल्या, कापडाचं ठाण संपलं की शेवटचा गठ्ठा कमी भरायचा, आठाचा, नवाचा. तो मग पांढऱ्याऐवजी लाल दोऱ्याने बांधायचा. तुमच्या आधीच्या सिस्टरांना ठाऊक होतं. ‘तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?’

नाही सांगितलं. जुन्या सिस्टर गेल्या, मी आले, मधे कुणीच नव्हतं. लाल दोरे मी पाहिले होते! सोडून केराच्या डब्यात टाकले होते. मला वाटायचं, पांढरा दोरा संपला असेल.

मग त्या लेकीला म्हणाल्या, माझ्या वह्या काढ. पत्र्याच्या पेटीतून निघाल्या — शाळकरी वह्या, वीसएक. एकदा कुणी तरी त्यांच्यावर आळ घेतला होता, गॉज घरी नेतात म्हणून. त्या दिवसापासून रोज लिहीत गेल्या. चौथीपर्यंत शिकलेल्या, मोठं मोठं अक्षर, रेघ सोडून तिरकं जाणारं. किती ठाण आलं, किती गठ्ठे झाले, कुठला किती भरला. कुणी मागितल्या नाहीत त्या वह्या कधी. कुणी वाचल्या नाहीत.

पुतण्याचा वाढदिवस मला कशाला शोधावा लागतोय! पान उलटत गेले. त्याच्या आदल्या दिवशी लिहिलंय — ‘गठे बारा. एक नवाचा. लाल दोरा. ठान संपलं.’ दुसऱ्या दिवशी थिएटरात दोनच ऑपरेशनं झाली, आणि दुसऱ्याचे गॉज पुरे भरले होते, ते मला पक्कं आठवतं.

मी ती ओळ बोटाने धरून ठेवली. मावशींना वाटलं अक्षर लागत नाही. म्हणाल्या, आमचं काय, अक्षर कसलं ते! मी म्हटलं, मावशी, फार सुंदर अक्षर आहे. आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. त्यांनी रुमाल बाजूला ठेवला. डोक्यावरून हात फिरवला, केस एका बाजूला केले, बोटांनीच चापूनचोपून. घडी घातल्यासारखे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

कालचा आनंद आज सकाळी जरा खाली बसला. मग खरं काय ते दिसलं.

तिसऱ्या गठ्ठ्यात नऊच होते, तर रजिस्टरमध्ये ‘दहा’ कुणी लिहिलं? फोडल्याबरोबर गठ्ठा मोजायचा असतो. मोजून लिहायचं असतं. लिहिलं मीच. केव्हा? सकाळी आठ वाजता! ड्यूटीवर आल्या आल्या मी दिवसाचं पान आखून ठेवायचे — ‘गठ्ठा’चा रकाना, पुढे दहा, खाली डिट्टो, डिट्टो, डिट्टो. किती देखणं दिसायचं पान. तेव्हाच्या मेट्रन इतर सिस्टरांना बोलावून दाखवायच्या. ऑपरेशनच्या धांदलीत कुठे मोजत बसता, म्हणून मी आधीच भरून ठेवायचे. मोजणं म्हणजे तोंडाने ‘टेन’ म्हणणं. एरवी गठ्ठ्यात काही गॉज उरायचेच, म्हणून एखादा कमी असलेला कधी कळला नाही.

म्हणजे ज्या ओळीसाठी एकतीस वर्षं मी स्वतःला खोटारडी म्हणत आले, ती ओळ खरी होती. करेक्टच होता काउंट. खोटी होती ती सकाळी आठची ओळ. निवांत बसून, कुणाची जबरदस्ती नसताना, चांगल्या अक्षरात लिहिलेली.

सिझेरियनच्या दिवशी मी घाबरून लिहिलं, हे मला माफ करता येत होतं, कधी कधी. हे वेगळं आहे. आणि तरी — पोटात काही नाही! पुन्हा पुन्हा तिथेच येऊन मन थांबतंय. नव्हतंच कधी. बाकी माझं मी बघून घेईन.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

वर्गात गेले आणि आधी चष्मेवालीला उभं केलं. म्हटलं, तू पहिल्या दिवशी जे विचारलंस ते पुन्हा विचार. बिचारी घाबरली. तिने विचारलं. या वेळी मी हसले नाही. सांगितलं, एक सिस्टर होती, तिचं अक्षर फार चांगलं होतं. सगळं सांगितलं, नाव सोडून. लाल दोऱ्याचंही. मग फळ्यावर रकाना आखला आणि रिकामा ठेवला. म्हटलं, रिकामा रकाना वाईट दिसतो, दिसू दे.

उंच मुलगी म्हणाली, मॅडम, त्या सिस्टरने त्या बाईंना मग सांगितलं का?

म्हटलं, नाही. अजून नाही.

चष्मेवाली माझ्याकडे बघत राहिली. मुलींना सगळं कळतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

तीनदा खाली गेले, तीनदा दुसरंच बोलून आले. एकदा तर साखर मागितली. माझ्याकडे दोन डबे भरून आहे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सांगितलं.

गच्चीवर वाळलेल्या चादरी काढत होतो. दोन टोकं तिच्याकडे, दोन माझ्याकडे. मधे चादर होती म्हणून बोलता आलं बहुतेक. सगळं सांगितलं — एकोणतीस, डॉक्टर, सही, तिच्या प्रत्येक दुखण्याला माझ्या पोटात उठणारा गोळा, मावशींची वही, सकाळी आठचं पान. ती घडी घालत राहिली. चादर लहान लहान होत गेली आणि आम्ही जवळ जवळ येत गेलो. शेवटच्या घडीला तिची बोटं माझ्या बोटांना लागली.

मी म्हटलं, तू रागाव, बोलू नकोस माझ्याशी, काय करायचं ते कर. पण आता तुला ठाऊक आहे.

ती म्हणाली, ‘उशीची खोळ राहिली तिकडे.’ आणि घड्या उचलून खाली गेली.

एवढंच. रात्रीचं जेवण भावजींच्या हाती वर पाठवलं. ती स्वतः आली नाही. तरी मला हलकं वाटतंय. ती बोलली नाही तर नाही बोलली. तिच्या पोटात काही नाही, आणि माझ्याही पोटात आता काही उरलं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळी सातला वर आली. चहा मागितला. कप हातात घेऊन, खिडकीबाहेर बघत म्हणाली, ‘वन शॉर्ट, सर. स्टिल वन शॉर्ट.’ माझ्याच आवाजात! माझ्या कॉन्व्हेंटी आवाजात, जसं मी तेव्हा म्हटलं होतं अगदी तसं.

कमरेत सुई दिली होती मला, म्हणाली, पडद्याअलीकडे जागीच होते. तुम्हाला दोघांना वाटलं, इंग्रजीत बोललं की झालं. शब्द मी पाठ करून ठेवले. पोरगा पाचवीत गेला, तेव्हा त्याच्याकडून अर्थ विचारून घेतला.

म्हणजे एकवीस वर्षं हिला ठाऊक होतं! मी म्हटलं, अगं मग तपासून का नाही घेतलंस? मी किती मागे लागायचे!

ती म्हणाली, ‘आणि निघालं असतं म्हणजे? वहीत सही तुमची होती.’